चेहऱ्यामागचा पडदा



पासपोर्टच्या फोटोला मागे पांढरा रंग लागतो. तो नियमच आहे, तिथे निवडीला जागा नाही. पण वडिलांच्या साठीचा फोटो, मुलीचा स्थळासाठी द्यायचा फोटो, आजीचा फ्रेम करून लावायचा फोटो हेही आपण त्याच पांढऱ्या पडद्यासमोर उरकून घेतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कॅमेऱ्याला माणूस कळत नाही, उजेड कळतो. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं असणार, असं धरून तो उजेड मोजतो. मागे लख्ख पांढरं आलं की उजेड फार झाला असं समजून तो हात आखडता घेतो. पडदा मळकट दिसतो आणि सावळा चेहरा आणखी काळवंडतो. मग संगणकावर तो चेहरा गोरा केला जातो. खोट पडद्यात आणि मोजणीत होती, दुरुस्ती मात्र चेहऱ्याची झाली!

उन्हात रापलेले एखादे शेतकरी आजोबा डोळ्यांपुढे आणा. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात पांढरा सदरा. पांढऱ्या पडद्यावर त्यांच्या टोपीची कड हरवते, खांदे विरघळतात, आणि मधे उरतो फक्त काळपट चेहरा. त्यांनाच मध्यम करड्या पडद्यासमोर बसवा. टोपी झळकते, सदऱ्याच्या चुण्या दिसतात, चेहऱ्यावरची रेघ न् रेघ वाचता येते. अगदी काळा पडदा मात्र जपून वापरावा. काळेभोर केस त्यात बुडून जातात. मागच्या बाजूने केसांवर थोडा उजेड टाकता येत असेल तरच काळ्याच्या वाटेला जावं.

रंगीत पडदा घ्यायचा तर आपल्या त्वचेचा विचार आधी करावा. गव्हाळ असो की सावळी, तिच्यात नारिंगीकडे झुकणारी छटा असते. निळा हा नारिंगीच्या विरुद्धचा रंग, म्हणून मंद, हिरवट निळ्यावर आपले चेहरे छान उठतात. मंद हा शब्द महत्त्वाचा. भडक निळा बघणाऱ्याची नजर स्वतःकडेच ओढतो.

छायाचित्रकार स्टीव्ह मॅककरी यांनी १९८४ साली पाकिस्तानातल्या निर्वासितांच्या छावणीत टिपलेली अफगाण मुलगी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. जून १९८५च्या 'नॅशनल जिओग्राफिक'च्या मुखपृष्ठावर ती होती. अंगावर विटकरी लाल शाल, मागे हिरवा रंग, आणि तिचे डोळेही हिरवे. लाल शालीमुळे चेहरा पुढे येतो, मागच्या हिरव्यामुळे डोळ्यांतला हिरवा जागा होतो. तो हिरवा काढून तिथे पांढरा कल्पून बघा, म्हणजे मागच्या रंगाचं काम ध्यानात येईल.

रंगाइतकंच अंतरही मोलाचं. माणूस पडद्याला चिकटून बसला तर सावली मागे पडते, आणि हिरव्या किंवा लाल पडद्याची झाक गालावर, हनुवटीखाली उतरते. पाच-सहा फूट पुढे बसवलं की दोन्ही टळतं. शिवाय दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. दिवा चेहऱ्यापासून चार फुटांवर आणि पडद्यापासून आठ फुटांवर असेल, तर पांढरा पडदासुद्धा करडा दिसतो. त्याच पडद्यावर वेगळा दिवा टाकला की तो पुन्हा पांढरा, आणि दिव्यापुढे रंगीत जिलेटिन लावलं की हवा तो रंग. छोट्या गावातल्या स्टुडिओने दहा पडदे बाळगायची गरजच नाही. एक चांगला करडा पडदा आणि मागे सरकायला जागा एवढं पुरे.

स्टुडिओ चालवणाऱ्या मित्रांना माझी विनंती आहे : पडदा कोणताही असो, उजेड चेहऱ्यावरून मोजा. आणि श्रोतेहो, घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोटो काढायला जाल तेव्हा त्यांचे कपडे कोणत्या रंगाचे आहेत ते आधी सांगा, करडा पडदा मागून घ्या, आणि चेहरा गोरा करू नका असं स्पष्ट बजावा.