फायलींचे बिऱ्हाड
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



जुन्या लॅपटॉपमधील फायली घरच्या कॉम्प्युटरवर कशा न्याव्यात, या विषयावर मी चार शब्द बोलावेत अशी कार्यवाहबाईंची इच्छा. विषय ऐकून काहीजणींच्या मनात आले असेल, की हे काम मुलांचे. महिला मंडळात त्याची चर्चा कशाला? पण जरा आपापल्या घरात डोकावून पाहा. आपले वालीव हे गाळ्यांचे आणि कारखान्यांचे गाव. इथे कोणी घरी बसून गाळ्याची बिले करते, कोणी शिवणाच्या ऑर्डरी मांडून ठेवते, कोणी बचत गटाचा हिशेब लिहिते. हे सारे आता वहीत नाही, लॅपटॉपमध्ये आहे. त्याच लॅपटॉपमध्ये मुलांच्या बारशापासूनचे फोटो आहेत, आणि आज आपल्यात नसलेल्या माणसांचे आवाजही आहेत. संसाराच्या किल्ल्या आपल्या कमरेला असतात, तर या कपाटाची किल्ली दुसऱ्याच्या हाती का द्यावी?

हा प्रश्न आजच निघण्याचे कारणही आहे. विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुने लॅपटॉप मोडीत काढून नवे यंत्र घेण्याचा विचार त्यामुळे पुष्कळ घरांत चालू आहे. अशा वेळी मुलगा म्हणतो, "आई, मी रविवारी करून टाकतो." तो खरोखरच करतो, आणि तासाभरात करतो. पण कोणती फाइल मोलाची आणि कोणती केराची, हे त्याला कसे कळावे? 'नवीन १' या नावाखाली गटाचा तीन वर्षांचा हिशेब आहे, हे तुम्हालाच ठाऊक. म्हणून यंत्राला हात त्याने लावावा, परंतु शेजारी खुर्ची टाकून तुम्ही बसावे.

फायली नेणे म्हणजे बिऱ्हाड हलविणेच होय. बिऱ्हाड हलविताना आपण आधी यादी करतो. इथेही एक कागद घ्यावा. डेस्कटॉपवर काय आहे, डॉक्युमेंट्समध्ये काय आहे, फोटो कुठे आहेत, डाउनलोड्समध्ये काय पडले आहे, हे लिहून काढावे. पुष्कळ वेळा आधार कार्डाची आणि पासबुकाची चित्रे डाउनलोड्समध्येच राहून जातात. टॅलीचा हिशेब मात्र या जागांत सापडेलच असे नाही; तो टॅलीच्या स्वतःच्या डेटा फोल्डरमध्ये असतो. त्याचा टॅलीतूनच बॅकअप घ्यावा आणि नव्या कॉम्प्युटरवर टॅली बसवून तिथे तो उघडावा. प्रोग्रॅम हा फाइलीसारखा उचलून नेता येत नाही. तो नव्या घरी नव्याने बसवावा लागतो.

आता वाहन कोणते? सामान थोडे असेल तर पेनड्राइव्ह पुरे. पुष्कळ असेल तर बाहेरून जोडायची हार्ड डिस्क बरी. शंभर जीबी सामान आहे आणि साधा पेनड्राइव्ह सेकंदाला दहा एमबी घेतो असे धरले, तर पावणेतीन तास लागतात. तेव्हा स्वयंपाक गॅसवर ठेवून हे काम काढू नये. दोन्ही यंत्रे घरच्या एकाच वायफायवर असतील, तर फोल्डर 'शेअर' करूनही नेता येते. दोन्ही बाजूंना सारखेच तोंड असलेली यूएसबीची वायर दोन कॉम्प्युटरांत खुपसून मात्र पाहू नये; त्याने फायली जात नाहीत, यंत्राला इजा होण्याचा संभव असतो. आणखी एक अडचण नेहमी येते. लग्नाची मोठी चित्रफीत पेनड्राइव्हवर जात नाही, आणि जागा तर भरपूर दिसते. पेनड्राइव्ह 'फॅट ३२' या पद्धतीने आखलेला असला, तर चार जीबी किंवा त्याहून मोठी फाइल त्यात मावत नाही. तो रिकामा करून 'एक्सफॅट' पद्धतीने आखून घ्यावा, म्हणजे काम होते.

सामान नेताना 'कट' करू नये, 'कॉपी' करावी. मध्येच वीज गेली, तर कॉपी केलेल्याचे मूळ जागच्या जागी राहते. जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरारमध्ये पाणी साचले, गाड्या थांबल्या आणि वीजही गेली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यावरून एवढेच शिकावे, की पावसाळ्याच्या ऐन दिवसांत घाई करू नये, आणि मोलाच्या फायलींची एक तिसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, उंच फळीवर ठेवावी.

सामान पोचले, की भांडी मोजतो तशा फायली मोजाव्यात. फोल्डरवर उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' पाहिले, की किती फायली आणि किती आकार हे दिसते. दोन्हीकडचा आकडा जुळला पाहिजे. आणि नुसते मोजून थांबू नये, निवडक फायली उघडूनही पाहाव्यात. कारण आपणा मराठी माणसांचे एक खास दुखणे आहे.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी मराठी टंकलेखन श्रीलिपी, आकृती यांसारख्या फॉन्टांत होत असे. त्यांपैकी जुन्या फॉन्टांत आत साठविलेली चिन्हे रोमन अक्षरांची असत. त्यांना मराठी रूप तो फॉन्ट देई. फाइल नव्या घरी आली आणि फॉन्ट मागे राहिला, तर मंडळाचा जुना अहवाल उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइल हरवलेली नसते, वाचणारा हरवलेला असतो. यावर उपाय असा, की जुना लॅपटॉप चालू आहे तोवरच त्यावर अशा फायलींची पीडीएफ करून घ्यावी, आणि मग सवडीने मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून ते कोणत्याही यंत्रावर वाचता येते.

हे दुखणे नवे नव्हे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, त्या मोहिमेची पत्रे मोडीत लिहिलेली. पुढे मोडी वाचणारे कमी झाले. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागद बालबोधीत छापले गेले, एकंदर ४५ खंड झाले. त्यांत आपल्या वसईची मोहीमही आहे. आज आपण ती पत्रे वाचू शकतो, ती त्या श्रमामुळे. पण बालबोध प्रत झाली म्हणून कोणी मोडी कागद जाळले नाहीत; ते पुण्याच्या दप्तरात आजही जपलेले आहेत. अक्षर बदलावे, परंतु नवी प्रत वाचून पाहिल्याशिवाय मूळ सोडू नये, हाच धडा आपल्या लॅपटॉपलाही लागू आहे.

शेवटची गोष्ट जुन्या घराची. पंधरा दिवस नव्या कॉम्प्युटरवर काम करून पाहावे. काही राहिले असेल तर या दिवसांत आठवण होते. मगच जुना लॅपटॉप रिकामा करावा. फाइल 'डिलीट' केली म्हणजे पुसली गेली असे नव्हे. माहितगार माणूस ती पुन्हा काढू शकतो. 'रीसेट' करताना सर्व काढून टाकण्याचा आणि डिस्क साफ करण्याचाही पर्याय असतो, तो निवडावा. भंगारवाला किलोच्या भावाने लॅपटॉप घेईल. पण त्यात केवळ तुमचे फोटो नाहीत. गटातील पंधरा बायकांनी विश्वासाने दिलेले आधारचे क्रमांक, बँकेची खाती आणि सह्या त्यात आहेत. त्या दुसऱ्यांच्या ठेवी आहेत. आपले दागिने आपण हरवले तर आपले नुकसान. दुसरीने सांभाळावयास दिलेले हरवले, तर तिला तोंड कसे दाखवावे?

म्हणून भगिनींनो, माझी एवढीच विनंती, की घरी गेल्यावर कपाटातला तो जुना लॅपटॉप काढा, चार्जर शोधा आणि यादीचा पहिला कागद लिहा. जुन्या फायलींवर पत्त्याखाली 'जि. ठाणे' लिहिलेले दिसेल. १ ऑगस्ट २०१४ रोजी आपला जिल्हा पालघर झाला. पत्ता बदलला, तरी त्या कागदांतील माणसे आपलीच आहेत. त्यांना नव्या घरी आपल्या हातांनी न्यावे.