काटा खाली का येतो?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला सांगितलंय की आपापल्या कामाबद्दल पंधरा मिनिटं बोला. माझ्याआधी आपली डॉक्टर बोलली, बँकवाला बोलला, बंदरातल्या क्रेनबद्दलही ऐकलं. माझं काम गॅरेजचं. द्रोणागिरी नोडमध्ये माझं छोटं गॅरेज आहे. समोरून रात्रंदिवस कंटेनरचे ट्रेलर जातात आणि आमचं निम्मं पोट त्यांच्यावरच चालतं. पण आज ट्रेलरबद्दल बोलणार नाही. आज एका स्पोर्ट्स कारची गोष्ट सांगतो. गाडी आपल्याच एका वर्गमित्राची आहे. तो या सभागृहातच बसलाय, आणि नाव घेतलं तर जेवणाच्या पंगतीत शेजारी बसणार नाही असं त्याने बजावलंय. म्हणून त्याचं नाव नाही आणि गाडीच्या कंपनीचंही नाही. जो भाग बिघडला तो वयोमानाने कुठल्याही गाडीचा बिघडतो.

या टेबलावर पातेलं, विजेची शेगडी, थर्मामीटर आणि दोऱ्याचं रीळ बघून मघाशी कुणीतरी विचारलं, "चहा करणार का?" चहा नाही, प्रयोग करायचाय. नववीच्या प्रयोगवहीत सर आपल्याकडून लिहून घ्यायचे ते आठवतं का? उद्दिष्ट, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. तोच क्रम आज मी धरणार आहे.

आधी तक्रार ऐका. आपला मित्र मुंबईत राहतो आणि शनिवारी आईवडिलांना भेटायला इकडे येतो. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून तो शिवडीहून चढतो आणि चिर्ल्याला उतरतो. जवळजवळ २२ किलोमीटरचा पूल, त्यातला बराचसा समुद्रावर, आणि गाडीला ताशी १०० ची मुभा. तो म्हणाला, "अरे, सेतूवर आलो की तापमानाचा काटा हळूहळू खाली येतो. करळ फाट्याला ट्रेलरच्या रांगेत अडकलो की पुन्हा मधे येऊन थांबतो. पेट्रोलही जास्त पिते, आणि इंजिनचा पिवळा दिवा लागलाय."

त्याला आधी दोन सल्ले मिळाले होते. एका ठिकाणी सांगितलं की इंजिन उघडून बघावं लागेल. त्याचा अंदाजित खर्च ऐकून त्याने गाडी विकायची तयारी केली होती. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, "साहेब, थर्मोस्टॅट काढून टाका. आपल्याकडे थंडी आहेच कुठे? आपल्या हवेत त्याची गरज नाही." हा दुसरा सल्ला तुमच्यापैकीही अनेकांनी ऐकला असेल. पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसेडरच्या काळापासून तो आपल्याकडे फिरतोय. माझं आजचं बोलणं मुख्यतः त्या सल्ल्याबद्दल आहे.

थर्मोस्टॅट म्हणजे काय, तर हा बघा, लिंबाएवढा भाग. इंजिनभोवती फिरणारं पाणी, म्हणजे कूलंट, रेडिएटरकडे जाऊ द्यायचं की नाही हे ठरवणारी ही झडप. मधे पितळेची छोटी डबी आहे आणि तिच्यात खास प्रकारचं मेण भरलंय. इंजिन गार असताना मेण घट्ट असतं आणि स्प्रिंग झडप बंद ठेवते. कूलंट तापलं की मेण वितळतं आणि वितळताना फुगतं. ते दांडीला रेटतं आणि झडप उघडते. पाण्याचं उलटं असतं, ते गोठताना फुगतं. होपच्या उपकरणाचा धडा आठवा. मेण मात्र शहाण्यासारखं वितळताना फुगतं. ना वायर, ना बॅटरी. सर्जियस व्हर्ने नावाच्या माणसाने १९३० च्या दशकात ही मेणाची युक्ती आणली. त्याआधी पितळेच्या घडीदार भात्यात पटकन उडून जाणारा द्रव भरत. पण रेडिएटरमध्ये दाब वाढला की तो भाता चुकीच्या वेळी उघडे-मिटे. मेणाला दाबाचा फारसा फरक पडत नाही, म्हणून ते टिकलं. काही नव्या गाड्यांमध्ये मेणाजवळ विजेचं छोटं हीटरही असतं, पण मूळ तत्त्व हेच.

हा भाग दोन तऱ्हांनी बिघडतो. बंदच अडकला तर इंजिन काही मिनिटांत तापतं आणि काटा लाल रेषेवर जातो. तेव्हा गाडी ताबडतोब थांबवायची, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं. हा आजार आरडाओरडा करतो. उघडाच अडकला तर मात्र आवाज नाही, वाफ नाही. इंजिन नुसतं गार राहतं. सेतूवर समोरून भरपूर वारा लागतो, रेडिएटर जोरात काम करतो आणि काटा खाली येतो. करळ फाट्यावर वारा नाही, म्हणून काटा वर येतो. मित्राची तक्रार ऐकतानाच निम्मं निदान झालं होतं. पण निम्म्यावर पाना उचलायचा नसतो.

आता कृती. गाडी संध्याकाळी आली, ती रात्रभर तशीच उभी ठेवली. सकाळी चावी फिरवण्याआधी कूलंटची पातळी पाहिली. बरोबर होती, कुठे गळती नव्हती. मग स्कॅनर लावला. पी-०१२८ हा कोड आला. त्याचा अर्थ एवढाच की ठरलेल्या वेळात कूलंट हवं तेवढं तापलं नाही. थर्मोस्टॅट खराब आहे असं कोड म्हणत नाही. तापमान मोजणारा सेन्सरही खोटं बोलत असू शकतो. तो तपासायची सोपी युक्ती आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत कूलंट आणि आत येणारी हवा यांचं तापमान सारखंच असायला हवं. दोन्ही सेन्सर २७ दाखवत होते. म्हणजे सेन्सर प्रामाणिक निघाला. रेडिएटरचा पंखा रिले चिकटल्यामुळे सतत फिरत नाही ना, तेही पाहिलं. नव्हता.

मग इंजिन सुरू केलं आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या पाइपवर लक्ष ठेवलं. थर्मोस्टॅट ठीक असेल तर हा पाइप बराच वेळ गार राहतो. कूलंट ८८ च्या आसपास पोचलं की मग एकदम गरम होतो. या गाडीत स्कॅनरवर ४५ दिसत असतानाच पाइप कोमट झाला होता आणि इंजिनबरोबर हळूहळू तापत गेला. नंतर मित्राला शेजारी बसवून सेतूवर एक फेरी मारली. ताशी १०० ला तापमान ६७ वर येऊन थांबलं. परतताना रांगेत ते ९० च्या वर गेलं. सगळे आकडे मी वहीत लिहिले. अनुमान एकच निघत होतं: झडप उघडी अडकली आहे. इंजिन उघडायचं काहीच कारण नव्हतं.

आता तुम्ही विचाराल, इंजिन गार राहिलं तर बिघडलं कुठे? मुंबईच्या उकाड्यात बरंच की! नाही. इंजिन गार आहे असं दिसलं की गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडत राहतो. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली नेतं आणि ऑइल पातळ होतं. ऑइलमध्ये जमलेलं पाणी वाफ होऊन उडत नाही आणि काळा चिखल साचत जातो. धुराची चाचणी बिघडते ती वेगळीच. साध्या गाडीला हे सोसायला वेळ लागतो. स्पोर्ट्स कारवाला मात्र पाय दाबून गाडी ओढतो, आणि गार, बिघडलेल्या ऑइलवर तसं ओढलं की बेअरिंग झिजतात. म्हणजे लिंबाएवढ्या भागापायी अख्खं इंजिन जाऊ शकतं.

आणि तो भाग काढूनच टाकला तर? तर हाच आजार आपण हाताने कायमचा लावून घेतो. शिवाय अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते. इंजिन तापलं की वरची झडप रेडिएटरचा रस्ता उघडते आणि खालची चकती आतला आडरस्ता बंद करते. थर्मोस्टॅट काढला की तो आडरस्ता कायम उघडा राहतो. गरम कूलंटचा काही भाग रेडिएटरकडे न जाता तसाच पंपाकडे परत येतो. मग अशी गाडी सेतूवर गार पडते आणि रांगेत तापते. दोन्हीकडून नुकसान.

मित्राला मी सांगितलं, नवा भाग बाहेरून यायला तीन आठवडे लागतील, तोवर गाडी इथेच राहू दे. तो म्हणाला, "तोवर काढून चालव ना." मी नाही म्हटलं. आपल्या गावचा माणूस, वर्गमित्र, त्याला नाही म्हणणं सोपं नव्हतं. तीन शनिवार तो लोकलने द्रोणागिरी स्टेशनला उतरला आणि तिथून रिक्षाने घरी गेला. प्रत्येक वेळी वाटेत मला फोन करून टोमणा मारायला विसरला नाही.

भाग आल्यावर बदलायला अर्धा दिवस गेला. इंजिन पूर्ण गार असल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, हे घरी सगळ्यांना सांगा. आत प्रेशर कुकरसारखा दाब असतो. कूलंट ट्रेमध्ये काढून घेतलं. ते विषारी असतं आणि चवीला गोड लागतं, म्हणून कुत्री-गुरं चाटतात. ते नाल्यात किंवा खाडीत ओतायचं नाही. क्लिपा सोडून पाइप काढला, हाउसिंगचे बोल्ट सोडले, जुना थर्मोस्टॅट बाहेर आला. नवा बसवताना मेणाची डबी इंजिनच्या बाजूला आणि हवा सुटायची बारीक पिन वरच्या बाजूला ठेवली. अ‍ॅल्युमिनियमचा पृष्ठभाग ओरखडा न काढता पुसला, नवी ओ-रिंग घातली. बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळले. जोर लावला तर आटे जातात. कूलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटरच घातलं. आपल्याकडचं खाडीकाठच्या बोअरचं खारट पाणी रेडिएटर आतून खातं.

खरं कौशल्य लागलं ते हवा काढायला. या गाडीचं इंजिन सीटच्या मागे आणि रेडिएटर पुढे, मधले लांब पाइप गाडीच्या पोटाखालून जातात. आपल्या दिलीप छाब्रियांनी २०१२ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत आणलेल्या डीसी अवंतीचं इंजिनही असंच मागच्या चाकांच्या पुढे होतं. अशा गाडीत हवेचा बुडबुडा कुठेही लपतो आणि नव्या थर्मोस्टॅटलाही चकवतो. म्हणून आम्ही आधी आतली हवा यंत्राने ओढून घेतली आणि मग कूलंट आत सोडलं. नंतर पुन्हा सेतूवर गेलो. काटा ९० ला गेला आणि शिवडीपर्यंत आणि परत, तिथून हलला नाही.

(इथे प्रात्यक्षिक झाले.)

आता हे पातेलं बघा. नव्या थर्मोस्टॅटच्या झडपेत मी दोऱ्याचं टोक अडकवून तो पाण्यात लोंबता ठेवलाय. तळाला टेकवायचा नाही, कारण तळ पाण्यापेक्षा गरम असतो. बाई, तुम्ही थर्मामीटर वाचा. ८४... ८६... ८८... पडला! झडप उघडली आणि दोरा सुटला. यावर ८८ हाच आकडा छापलाय. आणि हा जुना. यात दोरा अडकतच नाही. उजेडासमोर धरा, गार असतानाच फटीतून उजेड दिसतो. झडपेच्या कडेला गंज आणि गाळ बसलाय. पहिल्या रांगेपासून मागे फिरवा, पण परत द्या. माझ्या गॅरेजमधल्या मुलांना शिकवायला तो लागतो.

आयटीआय करून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी पहिले दोन महिने पाना कमी आणि वही जास्त देतो. त्यांना वाटतं मालक विचित्र आहे. आपल्या आईवडिलांच्या पिढीची शेतं आणि मिठागरं गेली, बंदर आलं, सेतू आला. आता या रस्त्यावरून भारी भारी गाड्या जातात. त्या दुरुस्त करायच्या तर आपल्या पोरांनी "काढून टाका" म्हणणारे मिस्त्री होऊन चालणार नाही. एखादा भाग का बसवलाय हे कळत नसेल, तर तो काढायचा अधिकार आपल्याला नाही. हे मला कुठल्याही कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं नाही. निरीक्षणाचा रकाना कोरा ठेवून अनुमान लिहिलं की सर पान फाडून परत लिहायला लावायचे, तिथे शिकलो. सर, तुमच्यासमोर हे सांगायला मिळालं, याचा आनंद आहे.

शेवटी घरी न्यायला तीन गोष्टी. हायवेवर काटा खाली येत असेल तर "गाडी गार चालते" म्हणून खूश होऊ नका, दाखवून घ्या. इंजिन उघडायचं म्हणाले तर आधी विचारा, सकाळी गार गाडीवर तापमान पाहिलं का? आणि थर्मोस्टॅट काढून टाका म्हणाले तर नमस्कार करून निघा. ही गोष्ट वॅगन आरलाही लागू आहे, स्पोर्ट्स कारच हवी असं नाही.

आपला मित्र आज त्याच गाडीने आलाय. जेवणानंतर ज्याला फेरी मारायची असेल त्याने त्याच्याशी बोलावं. जागा फक्त एकाची आहे, तेव्हा रांग लावा.