पाणी पिण्याची परवानगी

(पूर्व विदर्भातल्या एका महिला मेळाव्यात एका आईने केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. मी शिवणकाम करते. ताई म्हणाल्या, घडलं तेवढंच सांग, म्हणून उभी राहिले.

माझी मुलगी आठवीत आहे. चार वर्षांची असताना तिचे हातपाय ठणकायला लागले. सगळे म्हणाले, वात आहे, तेल चोळ. शेवटी रक्त तपासलं, तर सिकलसेल निघाला. रक्तातल्या गोल तांबड्या पेशी या आजारात विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि जीव जाईल असं दुखतं. आपल्याकडे आदिवासी आणि दलित वस्त्यांत हा आजार पुष्कळ आहे.

घरात पहिलं वाक्य आलं, "हे तुझ्या माहेरचं." डॉक्टरीणबाईंनी नवऱ्यालाही समोर बसवलं. म्हणाल्या, आई आणि बाप, दोघांकडूनही दोष आला तरच मूल आजारी होतं. दोघं वाहक असतील तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता. टोमणे थांबले. दवाखान्याच्या फेऱ्या आणि बुडालेली शिलाई मात्र माझ्याच वाट्याला राहिली.

बाईंनी पथ्यं सांगितली. भरपूर पाणी, थंडीपासून जपणं, दम लागेल इतकं पळणं नको, ताप आला की लगेच दवाखाना. सोपी वाटतात ना? शाळेत तीच अवघड झाली. तास चालू असताना पाणी प्यायचं नाही. "एकीला सूट दिली की साऱ्या मागतील." खेळाच्या तासाला बसली तर "नाटकं करते." डोळे पिवळे दिसले म्हणून शेजारची मुलगी उठून दुसऱ्या बाकावर गेली. हा आजार शिवल्याने होत नाही, हे वर्गात कुणी सांगितलंच नव्हतं.

मी रोज बाटली भरून द्यायची, ती रिकामी परत यायची. मला समाधान. सहावीत असताना डिसेंबरात ती आठ दिवस दवाखान्यात पडली. तिथे रडत बोलली, "आई, पाणी मी वाटेत ओतून देत होते." का? शाळेच्या मुतारीला कडी नव्हती, आत पाणी नव्हतं. या मुलांना लघवीला वारंवार जावं लागतं. ते टाळायला तिने पाणीच सोडलं. आणि ती एकटी नव्हती. वर्गातल्या धडधाकट मुलीही दिवसभर तहान मारत होत्या.

मुख्याध्यापक म्हणाले, "इतकी गैरहजेरी आहे, यंदा घरीच ठेवा." सासूही म्हणाली, मुलीचीच जात, शिकून काय करायचंय?

तेव्हा बचत गटातल्या आम्ही चौघी शाळेत गेलो. हात जोडायला नाही. अपंगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यांत सिकलसेल आहे. हे ताईंनी आम्हाला शिकवलं होतं. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी पुढे ठेवली आणि मागण्या वाचल्या. बाटली बाकावर राहील. न विचारता बाहेर जाता येईल. गणवेशावर स्वेटर चालेल. खेळाच्या तासाला ती गुण लिहील, वर्गाबाहेर बसणार नाही. बुडालेला अभ्यास भरून मिळेल. मुतारीला कडी आणि पाणी. आणि शाळेच्या वहीत माझ्या नंबराखाली तिच्या बापाचाही नंबर.

कडी बसायला दोन महिने लागले. आता साऱ्याच मुली पाणी पितात. मागच्या हिवाळ्यात शाळेने बापाला फोन केला. रोजी सोडून तो तिला दवाखान्यात घेऊन गेला. रात्री म्हणाला, "एक दिवस बुडला तर एवढं जड जातं, तू इतकी वर्षं कसं केलंस?" मी काही बोलले नाही.

जुलै 2023 पासून सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. तपासणी होते, कार्ड मिळतं. चांगलंच आहे. पण नुसत्या कार्डाने तहान भागत नाही. आणि तपासणी मुलाची आणि मुलीची, दोघांची करा. लग्नाच्या बाजारात मुलीचंच कार्ड मागतील, तर आमच्या पोरी आजार लपवतील आणि औषधंही लपवूनच घेतील.

माझी लेक दहावी होईल, पुढे वसतिगृहात जाईल. तिथेही हेच भांडण आहे, हे मला ठाऊक आहे. आता ती स्वतः भांडेल.

तुमच्या घरी असं मूल नसेलही. तरी पुढच्या खेपेला शाळेत गेलात की निकालाआधी मुतारी बघा. कडी आहे का, पाणी आहे का.

एवढंच सांगायचं होतं.