आरशावरची वाफ

११ ऑगस्ट १९९९ चं सूर्यग्रहण तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या संध्याकाळी माझ्या धाकट्या बहिणीनं विळीवर भाजी चिरली. डिसेंबरात तिला मुलगा झाला. वरचा ओठ नाकपुडीपर्यंत फाटलेला, टाळूही दुभंगलेली. (आपण तेल घालतो ती टाळू नव्हे, तोंडाच्या आतलं छत.) तिच्या सासूनं विळीला दोष दिला. ग्रहणाची ही समजूत धर्म विचारून घरात शिरत नाही.

मी मामू. बाळाच्या कानात अजान दिली ती मीच. पण बहिणीच्या बाजूनं एक शब्द बोललो नाही. साधा हिशेब करता आला असता. गर्भाचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू तिसऱ्या महिन्याच्या अखेरीपर्यंत. ग्रहण लागलं तेव्हा बहिणीला पाचवा महिना होता! जगात साधारण सातशे बाळांमागे एकाला असं होतं. कधी आनुवंशिकता, कधी आईची तंबाखू, कधी एखादं औषध. पुष्कळदा एकच कारण बोट ठेवून सांगता येत नाही.

अशा बाळाला दूध ओढता येत नाही, ते नाकातून येतं. आमच्या अम्मीनं त्याला उभं धरून बोंडल्यानं थेंबथेंब पाजलं. डॉक्टरांनीही तेच बरोबर म्हटलं.

ओठ तीन ते सहा महिन्यांत शिवतात आणि टाळू बोलणं सुरू होण्याआधी, वर्षाच्या आसपास. आमच्याकडे ओठ वेळेवर शिवला. चेहरा गोंडस दिसू लागला आणि घर निर्धास्त झालं. पैशाचीही ओढ होती. (२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात यावर मोफत उपचार आहेत; तेव्हा नव्हते.) टाळू चार वर्षं राहिली. तोवर तो 'मामू' स्वच्छ म्हणे, 'पाणी' मात्र 'माणी'. 'प'साठी तोंडात हवा कोंडावी लागते, त्याची ती नाकातून निसटे. 'म'ला नाकच लागतं. जन्मभर अक्षरं जुळवणाऱ्या मला हे स्पीच थेरपिस्ट बाईंकडून कळलं.

शस्त्रक्रियेनंतरही जीभ जुनी सवय सोडीना. बाई त्याच्या नाकाखाली थंड आरसा धरत. म्हण, 'पपई'. आरशावर वाफ. पुन्हा म्हण. दोन वर्षं हे चाललं. मध्येच कानात पाणी साठून कमी ऐकू येत असल्याचं निघालं, तेही निस्तरावं लागलं. मग एका दुपारी आरसा कोरडा राहिला. बहीण मुलाकडे नव्हे, आरशाकडेच बघत बसली होती.

आता त्यानं पंचविशी ओलांडली आहे, मोबाइलचं दुकान चालवतो. गिऱ्हाइकांची गर्दी झाली, घाईनं बोलायला लागला, की 'क' अजूनही घशात अडकतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)