अण्णा, सीपॅप आणि बोटीवरचा एक्स्टेन्शन बोर्ड

मागच्या भागानंतर दोघा-तिघांनी विचारलं, की घरात कुणाला झोपेत लावायची मशीन असेल तर प्रवास कसा करायचा. म्हणून आजचा भाग त्यावर. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. जे सांगतोय ते आमच्या अण्णांना घेऊन केलेल्या एका प्रवासातून शिकलेलं आहे. तुमच्या मशीनचं प्रेशर वगैरे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

अण्णा झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेले. आम्ही धाराशिवला राहतो, मूळ गाव कळंब तालुक्यात. घोरणं तर आमच्याकडं पिढीजात, त्याला कोण आजार म्हणणार? फेब्रुवारी २०२२ मध्ये बप्पी लाहिरी गेले आणि टीव्हीवर 'स्लीप ॲप्निया' हा शब्द दिवसभर वाजला, तेव्हा आई म्हणाली, "अरे, ह्यांचंबी तसंच होतं की. घोरता घोरता एकदम गप होतात आन् मग दचकून उठतात." सोलापूरला जाऊन झोपेची तपासणी केली. तासाला ४२ वेळा श्वास अडकत होता. ३० च्या वर गेलं की गंभीर धरतात.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट बंद होते. सीपॅप मशीन नाकावाटे सतत दाबाची हवा सोडून ती वाट उघडी ठेवते. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी हे १९८१ साली जगापुढं मांडलं, आणि सुरुवातीच्या मशीनला चक्क व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरली होती. इंजिनीअर म्हणून मला हे फार आवडतं.

मशीनमुळं अण्णांचा दिवस सुधारला, पण त्यांचं बाहेर राहणं बंद झालं. भूमला आत्याकडं वर्षातून दोनदा मुक्काम असायचा, तो गेला. लग्नाला जायचे, अक्षता पडल्या की परत निघायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, "सोंड लावून झोपल्यालं लोकांनी बघायचं काय?" एकदा पुण्यात माझ्या मित्राकडं गेलो, तर मशीन मुद्दाम घरी ठेवून आले. रात्री दोनला गुदमरून उठून बसले. त्या रात्री मी झोपलो नाही.

म्हणून लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला मी बोटीची तिकिटं काढली. मुंबईहून गोव्याकडं क्रूझ जातात, हे माहीत होतं. दोन रात्री, स्वतंत्र केबिन, बघायला कोणी नाही. मला वाटलं, जमलं.

आता खरी गोष्ट. लातूर-मुंबई गाडीत मशीन लावलीच नाही. डब्यातला सॉकेट मोबाईलपुरता असतो, त्यावर रात्र काढायचा भरवसा नको. अण्णा उशीला टेकून बसून आले. सकाळी सीएसएमटीला उतरलो, तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीनं जवळच. मशीन मी हातातल्या बॅगेत ठेवली होती, ते बरं केलं. मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात आणि केबिनला पोचायला संध्याकाळ होऊ शकते.

चूक दुसरीकडं झाली. मी हुशारी करून घरचा सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेन्शन बोर्ड घेतला होता. स्कॅनरवर तो अडवला, पावती दिली, म्हणाले उतरताना घेऊन जा. बंदी असलेल्या वस्तूंच्या यादीत तो स्पष्ट लिहिलेला होता, मीच वाचली नव्हती.

जहाजाला सर्ज प्रोटेक्टरचं वावडं का, ते नंतर शोधलं. घरी टेस्टर लावला तर सॉकेटच्या एकाच भोकात दिवा लागतो, कारण न्यूट्रल जमिनीला बांधलेला असतो. बऱ्याच जहाजांवर तसं नसतं. तिथं न्यूट्रल जहाजाच्या अंगाला बांधत नाहीत, दोन्ही तारा 'जिवंत' असतात. मुद्दाम असं करतात, म्हणजे एका तारेत दोष आला तरी वीज लगेच जात नाही. पण तसा दोष आला की सर्ज प्रोटेक्टरच्या आतल्या भागावर नेहमीपेक्षा जास्त व्होल्टेज सतत बसतं, तो तापतो, आणि समुद्रात आग म्हणजे काय ते सांगायला नको. त्यांचं बरोबर होतं.

केबिनमध्ये सॉकेट आरशाच्या टेबलाजवळ, पलंग पलीकडं, वायर पोचेना. अण्णा लगेच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. झोपतो तसाच. एका रात्रीनं काय होतंय?" आई काहीच बोलली नाही, नुसती माझ्याकडं बघत होती. मी रिसेप्शनला गेलो आणि तिथं जाईपर्यंत मलाही लाज वाटत होती, हे कबूल करतो. लोक नटूनथटून जेवायला चाललेले आणि मी वायर मागतोय. पण 'मेडिकल मशीन आहे' एवढं म्हटल्यावर पाऊण तासात त्यांचा माणूस साधी एक्स्टेन्शन वायर घेऊन आला. बुकिंग करतानाच ईमेल टाकला असता तर ती आधीच लावून मिळाली असती. तुम्ही टाका.

व्होल्टेजची चिंता नको. अडॅप्टरवर १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ लिहिलंय का ते बघा. असेल तर फक्त पिनचा आकार बदलणारा साधा प्लग लागतो. अण्णांचा अडॅप्टर ९० वॅटचा आहे, म्हणजे फार काही नाही.

पाण्याचं जरा सविस्तर सांगतो. ह्युमिडिफायरला डिस्टिल्ड वॉटर लागतं. अण्णा म्हणाले, "इन्व्हर्टरचं कॅन हाय की घरात." ते नको! बॅटरीचं पाणी श्वासात घ्यायच्या लायकीचं असेलच असं नाही. आम्ही मेडिकलवाल्याला सांगून मागवलं. आणि मशीन उचलण्याआधी टाकी रिकामी करा, दर वेळी. पाणी मशीनच्या पोटात गेलं तर खेळ खल्लास. बोट हलते, म्हणून मशीन आम्ही टेबलावर न ठेवता पलंगाच्या खाली, डोक्यापेक्षा खालच्या पातळीवर, सपाट जागेवर ठेवली. एसी कडक होता, त्यामुळं नळीत थेंब जमून गुडगुड आवाज यायला लागला. नळी पांघरुणाखालून घेतली आणि ओलाव्याचं सेटिंग एक पायरी कमी केलं, थांबलं.

सोबत डॉक्टरांचं पत्र आणि एक जादा मास्क ठेवा. मशीन मिळेल, तुमच्या मापाचा मास्क समुद्रात मिळणार नाही.

सकाळी केबिन आवरायला आलेल्या पोरानं पलंगाखाली मशीन बघितली. अण्णा ती टॉवेलनं झाकायला गेले. तो पोरगा हिंदीत म्हणाला, "अंकल, पिछली बार एक अंकल के पास भी यही थी," आणि चादर बदलून निघून गेला. बस, एवढंच. अण्णा बराच वेळ टॉवेल हातात धरून उभे होते. मग डेकवर जाऊन त्यांनी तीन कप चहा प्यायला.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी ते आत्याशी फोनवर बोलत होते. मी लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होतो, म्यूट करून ऐकलं. विचारत होते, "तुमच्या माडीवर पलंगापाशी बोर्ड हाय का? न्हाई, मोबाईलसाठी न्हाई. माझी मशीन लावायची हाय."