तळघरे आणि गणसंख्या

राजधानीवर अण्वस्त्र पडले तर देशाचा कारभार कोणी चालवायचा, या प्रश्नावर अमेरिकेइतका पैसा क्वचितच कोणी ओतला असेल. शीतयुद्ध, क्युबाचा पेचप्रसंग, ११ सप्टेंबर ही हकिगत येथील श्रोत्यांना पाठ आहे. ती पुन्हा उगाळण्याचे कारण नाही. अमेरिकेने डोंगर पोखरले, पण हल्ल्यातून वाचलेल्या माणसाच्या सहीला किंमत कशी राहील, हा प्रश्न अर्धवट सोडला. या व्याख्यानाचा गाभा तेवढाच आहे.

प्रथम वारसाक्रम. १९४७च्या कायद्यानुसार राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष दोघेही नसतील, तर अधिकार प्रतिनिधिगृहाच्या सभापतीकडे जातो, नंतर सिनेटच्या हंगामी अध्यक्षाकडे आणि मग परराष्ट्रमंत्र्यापासून ठरलेल्या क्रमाने मंत्र्यांकडे. हे सगळे वॉशिंग्टनमध्येच काम करतात. म्हणून राष्ट्राध्यक्षांच्या वार्षिक अभिभाषणाच्या रात्री एका मंत्र्याला मुद्दाम दूर ठेवतात. बहुधा तो शेती किंवा तशाच खात्याचा असतो. परराष्ट्रमंत्र्याला घरी बसवलेले कोणाच्या नजरेतून सुटणार? (हशा)

डोंगरांतल्या आश्रयस्थानांपैकी पेनसिल्व्हेनियातील रेव्हन रॉक लष्करासाठी आणि व्हर्जिनियातील माउंट वेदर मुलकी प्रशासनासाठी. यांचा नुसता उल्लेख पुरे. ग्रीनब्रायरपाशी मात्र थांबलेच पाहिजे.

वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील व्हाइट सल्फर स्प्रिंग्ज या गावी, वॉशिंग्टनपासून सुमारे ४०० किलोमीटरवर, ग्रीनब्रायर हे श्रीमंतांचे हॉटेल आहे. १९५८ ते १९६१ या काळात त्याला एक नवी इमारत जोडली गेली आणि तिच्याखाली संसदेसाठी तळघर बांधले गेले. पंचवीस टनांचा दरवाजा, किरणोत्सर्ग धुऊन काढण्यासाठी न्हाणीघरे, बंकबेडच्या रांगा, दोन्ही सभागृहांसाठी बैठकीच्या जागा आणि प्रेतेही जाळता येतील अशी भट्टी. त्यातले एक प्रशस्त दालन वर्षानुवर्षे प्रदर्शनांसाठी भाड्याने दिले जाई. आपण अणुयुद्धाच्या आश्रयस्थानात उभे आहोत, याची तेथे येणाऱ्यांना कल्पनाही नसे. देखभाल करणारे सरकारी लोक ‘फॉर्सिथ असोसिएट्स’ या नावाने वावरत आणि हॉटेलातले टीव्ही दुरुस्त करत. ते टीव्ही खरोखरच नीट चालत. (हशा)

सभासदांच्या कुटुंबीयांना आत जागा नव्हती. प्रतिनिधिगृहाचे सभापती राहिलेल्या टिप ओ’नील यांनी सांगून टाकले होते की, बायकोला नेता येणार नाही हे कळल्यावर त्यांचा त्या जागेतला रसच संपला. याला कोणी चहाटळपणा म्हणेल, पण योजनेचा सगळा कच्चेपणा त्यात आहे: माणूस आदेशानुसार कुटुंब मागे टाकून निघेल, हे गृहीतच धरले होते. शिवाय तळघराची कल्पना बॉम्बफेकी विमानांच्या काळातली. क्षेपणास्त्र अर्ध्या तासात येऊ लागल्यावर ४०० किलोमीटर जायचे कधी? ३१ मे १९९२ रोजी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये टेड गप यांनी हे गुपित फोडले आणि तळघर निकामी झाले. आज तेथे तिकीट काढून जाता येते.

संयोजकांनी घड्याळ दाखवले आहे. वाचलेल्यांच्या सहीला किंमत कशी राहील, हा मूळ मुद्दा थोडक्यात उरकावा लागेल.

सिनेटमधील जागा रिकामी झाली, तर १९१३च्या सतराव्या घटनादुरुस्तीमुळे बहुतेक राज्यांत गव्हर्नर तात्पुरता सदस्य नेमू शकतो. प्रतिनिधिगृहात नेमणुकीची सोय नाही, निवडणूकच हवी. कामकाजाला गणसंख्या, म्हणजे निम्म्याहून अधिक सदस्यांची हजेरी, लागते. ती मोजताना निवडून आलेले, शपथ घेतलेले आणि हयात सदस्यच धरण्याची प्रथा आहे. म्हणजे ४३५ पैकी दहाच वाचले, तर सहाजण सभागृह चालवू शकतात. ते नवा सभापती निवडू शकतात आणि १९४७च्या कायद्याप्रमाणे तो सभापती प्रभारी राष्ट्राध्यक्ष झालेल्या मंत्र्याला बाजूला सारून स्वतः सत्ता घेऊ शकतो. उलट शेकडो सदस्य जखमी होऊन बेशुद्ध राहिले, तर जागा रिकाम्या होत नाहीत आणि घटनेतली गणसंख्याही भरत नाही. २००१च्या हल्ल्यानंतर नेमलेल्या तज्ज्ञ आयोगाने तात्पुरते सदस्य नेमता यावेत अशी घटनादुरुस्ती सुचवली. २००४ मध्ये प्रतिनिधिगृहाने तसा प्रस्ताव प्रचंड बहुमताने फेटाळला. २००५ मध्ये शंभराहून अधिक जागा रिकाम्या झाल्यास ४९ दिवसांत निवडणुका घेण्याचा कायदा झाला. उद्ध्वस्त देशात मतदार याद्या कोण लावणार, हे कायद्याने सांगितले नाही.

भारताची बाजू वेळेअभावी थोडक्यात. आपल्या संसदेची गणसंख्या एक-दशांश आहे, त्यामुळे हा पेच तितका गहिरा नाही. आणि राष्ट्रपती-उपराष्ट्रपती दोन्ही पदे रिकामी झाली तर कारभार सरन्यायाधीशांकडे जावा, हे १९६९च्या कायद्याने ठरले. त्याच वर्षी २० जुलैपासून २४ ऑगस्टपर्यंत नागपूरच्या उच्च न्यायालयात नाव काढलेल्या सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला यांनी राष्ट्रपतिपद सांभाळले, तेही एकही तळघर न उघडता. (टाळ्या) अमेरिकेत मात्र प्रतिनिधिगृहाला तात्पुरते सदस्य नेमू देणारी घटनादुरुस्ती अजून झालेली नाही.