शेतकऱ्याचा नाना लोकसभेत

मंडळी, आज आपण क्रांतिसिंह नाना पाटलांची हकिकत ऐकू.

नानांचं गाव येडे मच्छिंद्र. तालुका वाळवा, आताचा सांगली जिल्हा. जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. घर शेतकऱ्याचं, माळकऱ्याचं. नाना थोडं शिकले आणि तलाठी झाले. जमीन कुणाच्या नावावर, सारा किती, हे सगळं तलाठ्याच्या दप्तरात. आपल्या वाडवडिलांनी त्या कागदांवर नुसते अंगठे उठवले. नानांनी ते कागद वाचले होते. १९३० साली गांधीजींची चळवळ सुरू झाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडून दिली.

१९४२ साली नाना भूमिगत झाले. इंग्रज सरकारनं घर, जमीन जप्त केली. धरून देणाऱ्याला बक्षीस लावलं. पण नाना चार वर्षं सापडले नाहीत. आज या गावी, उद्या त्या गावी. लोक भाकरी देत आणि गप्प बसत.

याच काळात सातारा जिल्ह्यात नाना आणि त्यांच्या साथीदारांनी 'प्रति सरकार' चालवलं. गावचा तंटा गावातच सुटू लागला. वादी-प्रतिवादी समोरासमोर बसत. वकिलाची फी नाही, तारखांचे हेलपाटे नाहीत. गुंडांना आणि लुबाडणाऱ्या सावकारांना शिक्षा होई. तळपायांवर मार बसे. म्हणून लोक त्याला 'पत्री सरकार' म्हणू लागले. सगळ्याच शिक्षा आम्हांला पटतात असं नाही. पण गोरगरिबाला दाद मिळाली, हेही खरं.

आणि लग्नं! एका लग्नापायी शेत गहाण पडतं, हे का आम्ही तुम्हांला सांगायला हवं? नानांच्या माणसांनी गांधी-विवाह लावले. हुंडा नाही, मानपान नाही, जेवणावळी नाहीत. वधूवरांनी एकमेकांना हार घालायचे, झालं लग्न. त्या मांडवातून उठताना बापाच्या डोक्यावर कर्ज नसे.

१९४६ साली नाना उघडपणे लोकांत आले. पुढं ते शेतकरी कामगार पक्षात गेले, मग कम्युनिस्ट पक्षात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते होतेच. १९५७ साली साताऱ्यानं त्यांना लोकसभेत पाठवलं. दिल्लीला गेले तरी नाना मराठीतच बोलले, आपल्या रांगड्या बोलीत.

१९६७ साली ते पुन्हा निवडून आले. या वेळी मतं दिली ती बीडच्या लोकांनी. कुठं वाळवा आणि कुठं बीड! तिथं ना भाऊबंद, ना शेतीवाडी. तरी लोकांनी त्यांना आपला माणूस मानलं.

६ डिसेंबर १९७६ रोजी नाना वारले. त्यांचं दहन वाळव्यालाच झालं.